मंग मले नऊ महिने काहून?

यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या मागं माझं दोन खोल्यांचं फिजिओथेरपी क्लिनिक आहे. पेशंट म्हणजे कंबर धरलेल्या बाया, फवारणीचा पंप वाहून वाहून खांदा गेलेले शेतकरी अन् लकव्याचे म्हातारे. त्यामुळं अठरा वर्षांची कबड्डी खेळणारी पोरगी गुडघ्याचं फाटलेलं लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, घेऊन आली तेव्हा माझा तिच्यात जरा जास्तच जीव गुंतला, ते खरंच आहे.

पोरगी रेडर. जुलैमध्ये ओल्या ग्राउंडवर प्रॅक्टिस करताना वळली, पाय मातीत रुतून राहिला अन् अंग फिरलं, आतून 'कट' आवाज आला तो तिनं स्वतः ऐकला आणि तासाभरात गुडघा टम्म. गावात सगळे म्हणाले मुरगळलं, तीन आठवडे तेल लावून चोळणं चाललं, कोणी एमआरआयचं नाव काढलं नाही. याचा मला अजून राग येतो. शेवटी सप्टेंबरच्या मध्यात नागपूरला ऑपरेशन झालं, मांडीच्या मागची कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, काढून नवीन लिगामेंट बसवलं अन् मग ती माझ्याकडं आली. आठवड्यातून तीनदा, एसटीनं, एकही दिवस न चुकवता.

तो दिवस जानेवारीच्या मध्यातला, म्हणजे चार महिने झालेले. बाबा पण सोबत होते, जिनिंगवर कापूस टाकून तसेच आलेले, शर्टाला कापूस चिकटलेला. पोरगी आल्या आल्या म्हणाली, "म्याडम, २६ जानेवारीची खुली स्पर्धा हाय. टीमवाल्याचा फोन येऊन रायला. नी-कॅप लाव म्हणते अन् पाचच रेड टाक. मले आता काईच दुखत नाई. मी वावरात पळून बी पाह्यलं."

पळून पाहिलं म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला, कारण चौथा-पाचवा महिना हाच फसवा असतो. दुखणं गेलेलं, सूज गेलेली, पेशंटला वाटतं झालं नीट. पण आत बसवलेली कंडरा अजून लिगामेंट झालेली नसते, तिच्यात रक्तपुरवठा नव्यानं सुरू होऊन ती पक्की व्हायला महिनोन् महिने लागतात, अन् नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा फाटण्याचं प्रमाण जास्त असतं, त्यात तरुण पोरं सगळ्यात पुढं. पण हे मी तिला आधीच दहा वेळा सांगितलेलं होतं. तिचा उतरलेला चेहरा पाहून मला वाटलं आज काहीतरी हुरूप येईल असं दाखवू, म्हणून मी मोबाइल काढला अन् स्की क्रॉसच्या रेस लावल्या.

याचं मला वेड लागलं ते २०१८ च्या फेब्रुवारीत, नागपुरात इंटर्नशिप चालू असताना. हॉस्टेलच्या टीव्हीवर प्योंगचांगचं हिवाळी ऑलिम्पिक चालू होतं. तोवर मला बर्फावरची रेस म्हणजे एकेकानं उतरायचं अन् टाइम लावायचा एवढंच माहीत होतं. स्की क्रॉसमध्ये पण आधी तसंच असतं, आपल्या शंकरपटात जोडीचा टाइम सेकंदात लावतात तसं, पण त्यानंतर चार-चार जणी एकाच वेळी गेटमधून सुटतात, उड्या, वळणं, ढिगारे, खांद्याला खांदा, अन् पहिल्या दोघी पुढच्या राउंडला, बाकी दोघी घरी. मुद्दाम धक्का दिला तर शिक्षा. सगळं साधारण मिनिटभरात संपतं अन् तेवढ्या वेळात गुडघ्यावर जे काय बसतं ते पाहून मी फिजिओ म्हणून अक्षरशः श्वास धरून बसले होते. २०१० ला व्हँकुव्हरमध्ये हा खेळ पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला, तेव्हापासूनच्या जेवढ्या रेस सापडल्या तेवढ्या मी पाहिल्यात.

तर मी आधी २०१० ची पुरुषांची फायनल लावली. कॅनडाचा क्रिस डेल बॉस्को तिसरा चाललेला, ब्राँझ जवळजवळ हातात, पण त्याला सिल्व्हर पाहिजे होतं, शेवटून दुसऱ्या उडीवर जोर लावायला गेला अन् आपटला, चौथा आला. पोरगी पटकन म्हणाली, "गेला! बोनसच्या नादात गेला." बाबा हसले. खेळ कळायला तिला दीड मिनिट लागलं, मला दोन दिवस लागले होते.

मग मी मारिएल थॉम्पसन दाखवली. कॅनडाची. २०१४ ला सोचीच्या ऑलिम्पिकमध्ये गोल्ड. ऑक्टोबर २०१७ मध्ये गुडघ्याची दोन लिगामेंटं फाटली, एसीएल (गुडघ्याच्या मधलं) अन् एमसीएल (आतल्या कडेचं), अन् फेब्रुवारी २०१८ ला ती ऑलिम्पिकच्या गेटमध्ये उभी. मी मोठ्या कौतुकानं सांगून बसले.

पोरीनं बोटं मोजली. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "तिले चार महिने. मंग मले नऊ महिने काहून?"

मी गप्पच. माझ्याच हातानं मी तिला स्पर्धेची चिठ्ठी लिहून दिल्यासारखं झालं होतं. बाबा पण बघू लागले, "बराबर हाय ना म्याडम तिचं?"

मी उरलेलं सांगितलं, अन् खरं तेच सांगितलं. थॉम्पसन उतरली अन् पहिल्याच नॉकआउट राउंडला पडली, बाहेर. गुडघ्यामुळंच पडली असं मी म्हणणार नाही, तिथं धडधाकटही पडतात. पण तिच्यामागं ऑलिम्पिक टीमचे डॉक्टर, फिजिओ, मशिनी असतात, काय जोखीम आहे ते समजून घेऊन तिनं चार वर्षांतून एकदा येणाऱ्या रेससाठी ती घेतली, अन् तू कोणासाठी घेणार, पाच रेडसाठी? नी-कॅप लिगामेंट धरून ठेवत नाही. आणि थॉम्पसन तिथं संपली नाही, २०२२ ला बीजिंगला सिल्व्हर घेऊन आली. प्योंगचांगचं गोल्ड घेतलं ते कॅनडाच्याच केल्सी सर्वा हिनं, सोचीत हीच थॉम्पसनच्या मागं दुसरी आली होती, तिच्याही गुडघ्याच्या सर्जऱ्या झालेल्या. रेसिंग सोडल्यावर ती फिजिओथेरपीच शिकायला गेली, हे सांगताना माझा आवाज थोडा चढतो, नेहमीच.

पोरगी ऐकत होती पण पटलेलं नव्हतं. डोळ्यात पाणी, ओठ घट्ट.

मग मी बोलणं बंद केलं. कोपऱ्यात व्यायामाच्या दोन विटा आहेत, कापड गुंडाळलेल्या, त्या एकावर एक ठेवल्या अन् म्हटलं वर उभी राहा, चांगल्या पायावर, दुसऱ्या पायाची टाच हळूच जमिनीला टेकव अन् वर ये. दहा वेळा. मी समोरून व्हिडिओ काढला, स्लो मोशनमध्ये. मग ऑपरेशनच्या पायावर. तिसऱ्याच वेळेला मांडी थरथरायला लागली, अन् सहाव्या-सातव्याला गुडघा सरळ खाली न जाता आत, दुसऱ्या गुडघ्याकडं पडायला लागला. टेपनं मांडी मोजली, साडेतीन सेंटिमीटर कमी. आकडा तिला सांगितला, तिनं ऐकल्या न ऐकल्यासारखं केलं. मोबाइल मात्र हातातून घेतला.

व्हिडिओ तिनं चार वेळा पाहिला. बोटानं मागं ओढून ओढून, जिथं गुडघा आत जातो तिथंच थांबवून. रेडर समोरच्यांचे पायच वाचत असते ना. पाचव्यांदा थांबवलं तेव्हा हळूच म्हणाली, "असा पाय समोर दिसला ना म्याडम, तं मी त्याच बाजूनं घुसतो."

बाबा काहीच बोलले नाहीत. मी पण नाही.

थोड्या वेळानं तिनं बाबांचा फोन मागितला अन् तिथंच बाकावर बसून टीमवाल्याला लावला. तिकडून बराच वेळ काहीतरी चाललेलं, नी-कॅप हा शब्द मला पण ऐकू आला. ती म्हणाली, "नाई दादा. जूननंतर पाहू. म्याडम नाई म्हणत, मी म्हणतो." फोन बाबांच्या हातात दिला अन् मग ढसाढसा रडली. मी रडू दिलं. बाबांनी शर्टावरचा कापूस एक-एक करून काढला अन् मुठीत धरून बसले.

निघताना विचारलं, "घरी किती विटा ठेवू, एक का दोन?" म्हटलं, एक. पंधरा दिवस एकच.

पाच वाजताची गाडी लागलेली होती. क्लिनिकच्या खिडकीतून स्टँड दिसतं. बाबा आधी चढले. ती दारात थांबली, एका हातानं दांडा धरला अन् ऑपरेशनचा पाय पायरीवर ठेवला. कंडक्टर मागून ओरडत होता, चला चला. ती तशीच खाली मान घालून गुडघा सरळ आहे का ते पाहत राहिली, अन् मग वर चढली.