दर तासाला एक ग्लास: तिहुआनाहून

घरून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "दिवसभर तिथे करता तरी काय?" लोकांच्या डोळ्यांसमोर आरामखुर्ची, समुद्राचा वारा आणि उशाशी नर्स असं चित्र असतं. प्रत्यक्षात ताईला साधं पुस्तक उघडायला फुरसत नाही आणि तिच्यामागे पळताना मलाही नाही.

आम्ही मेक्सिकोतल्या तिहुआनात, कॅन्सरवर पर्यायी उपचार करणाऱ्या एका केंद्रात आहोत. अमेरिकेतल्या सान दिएगोहून दक्षिणेला निघून सान इसिद्रोची सीमा ओलांडली की लगेच हे शहर सुरू होतं. ताईच्या स्तनातली कॅन्सरची गाठ ऑपरेशन करून काढली. पुढे केमो घ्या, असं सान दिएगोच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, आणि तिथे ती अडून बसली. आत्याची केमो तिनं जवळून पाहिली होती. मग कुणाकडून तरी गर्सन थेरपीचं, म्हणजे रस, पथ्य आणि कॉफीच्या बस्तीनं कॅन्सर बरा करायचा दावा असलेल्या उपचाराचं, नाव घरात आलं आणि ते काही बाहेर जाईना. इथे पेशंटबरोबर एक माणूस लागतोच, म्हणून मी आले. माझा या उपचारांवर विश्वास नाही, हे ताईला माहीत आहे. त्यावरून भांडून झालंय.

तर दिवस असा. एकूण तेरा ग्लास रस. एक संत्र्याचा, बाकीचे गाजराचे, गाजर-सफरचंदाचे आणि हिरव्या पानांचे. काढला की लगेच प्यायचा, ठेवून चालत नाही, त्यामुळे जवळजवळ दर तासाला ट्रे दारात. एका माणसासाठी रोज सात-आठ किलो भाज्या आणि फळं लागतात. जेवणात मीठ नाही. तेल फक्त जवसाचं, तेही गरम न करता. शेंगदाणे, काजू बंद, डाळीही सुरुवातीला बंद. दोन्ही वेळेला तेच बटाटा-कांदा-सेलरीचं सूप. सीझर सॅलड १९२० च्या दशकात याच गावात जन्मलं म्हणतात. ताईनं त्याच्या पाटीचा फोटो काढलाय, आशेनं.

आणि कॉफी. ती प्यायची नाही, तिची बस्ती, म्हणजे एनिमा, घ्यायची. दिवसातून चार-पाच वेळा, उजव्या कुशीवर झोपून, बारा ते पंधरा मिनिटं. पहिले काही दिवस संकोच वाटतो. नंतर जेवणाच्या टेबलावर कॅनडाच्या काकू आणि ऑस्ट्रेलियाचे आजोबा बस्तीच्या वेळा अशा बोलतात, जणू लोकलचं टाइमटेबल. हसणंही खूप होतं त्या टेबलावर. इतक्या आजारी माणसांना इतकं हसताना मी दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये कधी पाहिलेलं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

मला खटकतं ते वेगळंच. मळमळलं, ताप आला, अंग दुखलं, की इथे सांगतात, "छान! हीलिंग रिअ‍ॅक्शन आहे." बरं वाटलं तर उपचार लागू पडतोय, बरं वाटलं नाही तर जास्तच लागू पडतोय. मग लागू पडत नाही हे कळणार कशावरून? मी एकदा विचारलं. विचारलं त्या बाईंनी हसून माझ्याही हातात गाजराचा रस दिला.

ही केंद्रं इथेच का, हेही बरेच जण विचारतात. अमेरिकेत ज्यांना बंदी झाली ते सीमेपलीकडे आले, इतकं सरळ आहे. हॉक्सी नावाच्या माणसाचं कॅन्सरवरचं जडीबुटीचं औषध तिथे १९६० मध्ये बंद झालं, १९६३ मध्ये तिहुआनात सुरू झालं. मग जर्दाळूच्या बियांतल्या द्रव्यापासून केलेलं लेट्रिल नावाचं औषध आलं. मेयो क्लिनिक या अमेरिकेतल्या नामांकित रुग्णालयाच्या पुढाकारानं १७८ रुग्णांवर त्याची चाचणी झाली, तिचे निकाल १९८२ मध्ये छापून आले. फायदा काही दिसला नाही, काहींच्या रक्तात सायनाइड मात्र धोक्याच्या पातळीजवळ गेलं. मॅक्स गर्सन हे जर्मनीतून अमेरिकेत गेलेले डॉक्टर, १९५९ मध्ये वारले. त्यांनी मांडलेल्या ५० रुग्णांच्या नोंदी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं तपासल्या, तेव्हा फायद्याचा पुरावा सापडला नाही. त्यांच्या मुलीनं ते काम पुढे नेलं आणि १९७७ मध्ये मेक्सिकोत केंद्र उभं राहिलं. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांचा अभ्यास छापून आला: बरा होण्यासारखा कॅन्सर असताना नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका अडीच पट. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त. हा आकडा मी ताईला वाचून दाखवला आहे. ती म्हणाली, "पुढचा ग्लास किती वाजता आहे?"

या उत्तरावर मी बरेच दिवस चिडून होते. आता थोडं समजतं. सान दिएगोत तिला वीस मिनिटांची भेट मिळायची आणि मग पुढच्या तारखेपर्यंत रिकामं घर. त्या रिकाम्या घरात भीतीशिवाय करायला काही नसायचं. इथे भीतीला वेळच नाही, कारण दर तासाला दार वाजतं. माझ्या मते, लोक हजारो डॉलर मोजतात ते या टाइमटेबलसाठी. विमा त्यातला एक डॉलरही देत नाही. चांगल्या हॉस्पिटलांनी या केंद्रांकडून एकच गोष्ट शिकावी असं मला वाटतं: पेशंटच्या हाताला काम द्या.

इथे येताना माझी एकच अट होती, डॉक्टरबाईंना सोडायचं नाही. म्हणून मध्ये मध्ये सीमा ओलांडून रक्त तपासायला जातो. रसात पोटॅशियमचे क्षार घालतात, वर मीठ बंद आणि इतक्या बस्त्या, त्यामुळे रक्तातले क्षार बिघडू शकतात, हृदयाच्या ठोक्यांपर्यंत जाऊ शकतं. अमेरिकेत शिरतानाची रांग ही वेगळीच परीक्षा आहे, तासन् तास गाड्या हलत नाहीत, आणि ताईला दोन रसांच्या मध्ये पलीकडे पोचायचं असतं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी रिपोर्ट पाहिला, सोडियम खाली घसरलंय म्हणाल्या, आणि सरळ विचारलं, "तुम्हाला केमोतली नेमकी कशाची भीती वाटते?" हा प्रश्न तिला तोवर कुणीच विचारला नव्हता. मीही नाही. ताई बराच वेळ बोलली: आत्याच्या उलट्या, गेलेले केस, शेवटचा आठवडा. बाईंनी उलटीवरची आताची औषधं समजावली, आणि ऑपरेशननंतर केमो लांबवली तर तिचा उपयोग कमी होत जातो, हेही स्पष्ट सांगितलं.

तुमच्यापैकी पुष्कळ जण इथला पत्ता मागताहेत, कुणाच्या मामांसाठी, कुणाच्या मैत्रिणीसाठी. पत्ता मी देणार नाही, राग मानू नका. त्यांच्या डॉक्टरांकडे त्यांना आधी घेऊन जा. टाटाला दाखवलेलं असेल तर पुन्हा जा, आणि भीतीच्या प्रश्नांची यादी लिहून न्या. रस प्यायचाच असेल तर तेही डॉक्टरांना सांगून करा, लपवून नको.

आमचा इथला मुक्काम या आठवड्यात संपतोय. केंद्रानं घरी करायचा दोन वर्षांचा तक्ता दिलाय, ज्युसरच्या कॅटलॉगसकट. ताईनं सोमवारची डॉक्टरबाईंची वेळ घेतली आहे. केमोला हो म्हटलेलं नाही अजून, पण काल तिनं मला केस बारीक कापणारं एखादं पार्लर शोधायला सांगितलं.