नऊ ते साडेदहाची भोकं: डिश निर्दोष, गुन्हेगार घरातच

मंडळी, दीड महिना काही लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं, नुसती चिडचिड होती. मागच्या वेळचं आठवत असेल तर रास्पबेरी पाय फोर (तळहाताएवढा कॉम्प्युटर), यूएसबी ट्यूनर, टीव्हीहेडएंड हे टीव्ही रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर, छपरावर फ्री डिशची छत्री आणि रेकॉर्डिंग वायफायवरून मधल्या खोलीतल्या जुन्या लॅपटॉपच्या डिस्कवर, असा सगळा थाट होता आणि "आता झालं, फक्त स्किन बदलायची राहिली" असं मी छाती फुगवून लिहिलं होतं. त्यानंतर चौथ्या दिवशी आईची सिरियल फुटली. चौकोन चौकोन, मग आवाज गायब, मग थेट पुढचा सीन. रोज. आणि रोज रात्रीच, साधारण नऊ ते साडेदहा. दुपारचं रेकॉर्डिंग लख्ख.

जुलै महिना, वेंगुर्ल्याचा पाऊस, म्हटल्यावर कोणीही पावसावरच ढकलेल. डिशचा सिग्नल केयू बँडचा, म्हणजे पावसाला लाजणाऱ्या फ्रिक्वेन्सीचा आहे, सर जोरात आली की सिग्नल जाणारच, ते आपण गृहीत धरूनच चालतो. पण आईनेच एका रात्री खिडकीतून बाहेर बघून विचारलं, "पाऊस नाय, वारो नाय, मगे ह्या अडाकता कित्याक?" उत्तर नव्हतं. तोपर्यंत मी रोज हवामानाला शिव्या घालून झोपत होतो.

मग छपरावर. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे छत्री आग्नेयेकडे तोंड करून साधारण साठ अंश वर बघते, त्यामुळे माड आडवा यायचा तर तो अगदी अंगणातच पाहिजे, आणि आमच्याकडे तो आहेच. दोन झावळ्या उतरवल्या. फरक शून्य. एलएनबीजवळचा (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) कनेक्टर उघडला तर आत हिरवंगार, खाऱ्या हवेने तांबं नुसतं खाल्लेलं. हे मागच्या पावसाळ्यात कुडाळच्या एका डिशवाल्याने लावलेलं होतं, पिळून बसवायचा कनेक्टर आणि वर साधी काळी इन्सुलेशन टेप. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनो, हात जोडून सांगतो, पिळायचे कनेक्टर फेकून द्या. कॉम्प्रेशनवाले घ्या, त्याचं हत्यार एकदाच घ्यावं लागतं, आत थोडं सिलिकॉन ग्रीस आणि वरून ती रबरासारखी स्वतःलाच चिकटणारी टेप, आणि केबल एलएनबीतून निघाली की खाली एक झोल द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, आत शिरणार नाही. आरजी-६ केबल पण अस्सल तांब्याची मागा, दुकानदार "तीच आहे" म्हणून आत लोखंड असलेली देतो, लोहचुंबक लावून बघा. मी शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भावाकरवी मागवली.

एसएनआर, म्हणजे गोंगाटाच्या मानाने सिग्नल किती, ९.८ वरून १२.६ डीबी! हा आकडा बघून मी छपरावरच दोन मिनिटं बसून राहिलो, खाली समुद्राचा आवाज, हातात मोबाइल, स्क्रीनवर १२.६. असले आनंद बायकोला समजावता येत नाहीत.

रात्री नऊला सिरियल परत फुटली.

इथून पुढे तीन आठवडे मी एकेक वस्तू बदलत गेलो. एलएनबी नवा. पायचा अडॅप्टर नवा, ५.१ व्होल्ट ३ अँपियरचा, कारण संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडतं आणि मला वाटलं पाय उपाशी राहत असेल, पण थ्रॉटलिंगची कमांड मारली तर उत्तर शून्य, म्हणजे एकदाही व्होल्टेज कमी पडलेलं नाही. ट्यूनर गरम होतो म्हणून त्याला जुन्या एसएमपीएसचा पंखा बांधला. एका मित्राचा दुसरा ट्यूनर आणून लावला. सगळं व्यर्थ. खर्चाचा आकडा इथे लिहीत नाही, हे घरातलेही वाचतात.

मग ज्या गोष्टीकडे पहिल्या दिवशी बघायला हवं होतं तिकडे लक्ष गेलं. फुटत असताना टीव्हीहेडएंडचा स्टेटसचा टॅब उघडून बसलो. स्ट्रीममध्ये कंटिन्युइटी एरर (मधली पॅकेट हरवणं) शून्य, बीईआर (बिटांमधल्या चुका) शून्य. आणि तीच रेकॉर्डिंग संपली की डेटा एररच्या रकान्यात चारशे-पाचशे. म्हणजे आभाळातून येतंय ते धड येतंय, पायमध्येही धड पोचतंय, फाटतंय ते लिहिताना! खात्री करायला एकाच कार्यक्रमाची दोन रेकॉर्डिंग लावली, एक पायच्याच कार्डवर, एक लॅपटॉपवर. कार्डवरची स्वच्छ, लॅपटॉपवरची चाळणी. छपरावरचे माझे सगळे शनिवार-रविवार असे पाण्यात गेले.

आता तुम्ही म्हणाल वायफाय कशाला, केबल टाक. तर केबल होती. गेल्या वर्षी मे अखेरीला माडावर वीज पडली तेव्हा त्या पंधरा मीटरच्या केबलमधून राउटरचे दोन पोर्ट आणि लॅपटॉपचा लॅन पोर्ट एका फटक्यात गेले, तेव्हापासून मी लांब तांबं घरात ओढत नाही. आणि एसडी चॅनलला लागतं किती, तासाला दीड जीबी, म्हणजे तीन-साडेतीन एमबीपीएस. एवढं वायफायला झेपत नाही?

पायवरून लॅपटॉपला दर सेकंदाला पिंग करून (उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघून) फाइलमध्ये लिहिणारी चार ओळींची स्क्रिप्ट टाकली आणि दुसऱ्या दिवशी आलेख काढला. दिवसभर ३-४ मिलिसेकंद. आठ वाजून पस्तीस मिनिटांनी भिंतीसारखा सरळ वर, ८००, १२००, मधेमधे पॅकेट गायबच. दहा चाळीसला तसाच सरळ खाली. मी तो आलेख बघत बसलेलो, शेजाऱ्यांचं वायफाय, मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर असं काहीबाही मनात, तेवढ्यात आई चहा ठेवायला आली आणि वेळा वाचून म्हणाली, "हो तर काकांचो टाइम."

काका म्हणजे आमचे थोरले काका, पडवीच्या टोकाच्या खोलीत राहतात. साडेआठला जेवतात, मग खोलीत जाऊन बोर्डाचं बटण दाबतात, टीव्ही आणि त्याला लावलेला तो अँड्रॉइड बॉक्स चालू होतो, पेनड्राइव्हवरची भजनं ऐकतात आणि साडेदहाच्या पुढे बोर्ड बंद करून झोपतात. बॉक्स मीच दोन वर्षांपूर्वी घेतलेला, ऑनलाइन, अडीच हजारात, ब्रँड असा काही नाहीच, वर नुसतं ४के आणि ८के लिहिलेलं. तेव्हा त्याचं कौतुकही इथेच केलं होतं, ते परत घेतो.

पेनड्राइव्हवरच्या भजनाला इंटरनेट किती लागतं? शून्य. मग मी एक जुना राउटर, ज्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोकळं सॉफ्टवेअर टाकून ठेवलेलं, तो काकांच्या खोलीत मांडला आणि बॉक्स त्याच्यामागे घेतला, म्हणजे त्याची सगळी ये-जा दिसेल. चाळीस मिनिटांत अपलोड पावणेदोन जीबी. काका "विठ्ठल विठ्ठल" ऐकतायत आणि मागून डबा कुणाकुणाला डेटा पाठवतोय. डीएनएसचा लॉग (कुठल्या साइटची नावं विचारली त्याची नोंद) उघडला तर ज्यांचा ना अर्थ ना उच्चार अशा नावांची रांग, दर काही सेकंदांनी. एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारं टूल) मारला तर ५५५५ पोर्ट उघडा, म्हणजे एडीबी, अँड्रॉइडला बाहेरून हुकूम द्यायचा दरवाजा, नेटवर्कवर सताड, कोणीही यावं आणि आत कमांड मारायचं शेल घ्यावं. मीच घेतलं. सेटिंगमध्ये अँड्रॉइड १३ लिहिलंय, आत विचारलं तर एपीआय (अँड्रॉइडचा आतला आवृत्ती क्रमांक) २९, म्हणजे अँड्रॉइड १०! आकडासुद्धा खोटा.

भोकांचं कोडंही इथेच सुटतं. काकांची खोली राउटरपासून तीन चिऱ्याच्या भिंतींपलीकडे, बॉक्सचा अँटेना नखाएवढा, २.४ गिगाहर्ट्झवर त्याची लिंक पार तळाच्या वेगाला, सहा-साडेसहा एमबीपीएस. वायफायची हवा सगळ्यांची एकच असते, हळू बोलणारा क्लायंट सतत बोलत राहिला की तो बाकीच्यांचा वेळ खातो, तुमचा लॅपटॉप कितीही वेगाचा असेना. त्यामुळे तीन एमबीपीएसचं बापडं रेकॉर्डिंगही दारात तिष्ठत उभं राहायचं आणि बफर भरला की पुढचं सांडायचं.

हा प्रकार नवीन नाही हे नंतर वाचून कळलं. २०२३ च्या जानेवारीत टी९५ नावाच्या स्वस्त बॉक्समध्ये कारखान्यातूनच मालवेअर भरून येतंय हे उघड झालं, मग बॅडबॉक्स नावाने मोठं प्रकरण निघालं, डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या बीएसआय या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने तिथल्या सुमारे ३०,००० उपकरणांचं ती चालवणाऱ्या गुन्हेगारांशी बोलणं तोडलं आणि जून २०२५ मध्ये एफबीआयने लोकांना इशारा दिला. तुमचं कनेक्शन प्रॉक्सी म्हणून भाड्याने दिलं जातं, म्हणजे उद्या कुणी कुठे लबाडी केली तर आयपी आमच्या पडवीचा. माझा डबा नेमका त्यातलाच आहे असं म्हणत नाही, पण लक्षणं तीच. फॅक्टरी रिसेटचा उपयोग नसतो कारण घाण सिस्टिम पार्टिशनमध्येच असते. मी केला तरीही, समाधानासाठी. वीस मिनिटांत परत सुरू.

आता स्वतःची अब्रू काढतो. ज्या नेटवर्कवर हा डबा दोन वर्षं बसला होता, त्याच नेटवर्कवर माझ्या टीव्हीहेडएंडमध्ये पहिल्या सेटअपच्या विझार्डच्या वेळचा स्टारवाला (म्हणजे कोणीही) यूजर होता, पासवर्ड नाही आणि अॅडमिनचे हक्क. लॅपटॉपचं शेअर पाहुण्यालाही लिहिता येईल असं. आणि त्या लॅपटॉपवर, हसू नका, विंडोज ७. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला हे मला माहीत होतं, पण त्यातलं टीव्ही बघायचं मीडिया सेंटर सोडवत नव्हतं. रिमोटने चालणारं, म्हाताऱ्या माणसांना कळणारं इतकं छान गाइड पुन्हा कोणी केलं नाही आणि विंडोज १० मध्ये तर ते काढूनच टाकलं. पण २०१६ ला मिराई नावाच्या मालवेअरने अशाच बाय-डिफॉल्ट पासवर्डच्या डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांची फौज उभी केली होती हे मीच लोकांना सांगत फिरायचो. विरारच्या भावाला घरचं टीव्ही दिसावं म्हणून ९९८१ पोर्ट बाहेर उघडायचा माझा बेत होता, तो आमचा प्रोव्हायडर सीजीनॅट (एकच बाहेरचा आयपी अनेक ग्राहकांत) देतो म्हणून फसला आणि तेव्हा मी त्याला किती बोललो! आता त्याचेच आभार मानायला पाहिजेत. भावासाठी टेलस्केल (खाजगी व्हीपीएन) टाकलंय, पोर्ट एकही उघडा नाही, सीजीनॅटमागूनही चालतं.

केलेली कामं पटकन सांगतो. स्टारवाला यूजर गेला. लॅपटॉपवर डेबियन लिनक्स, शेअर एनएफएसवर (लिनक्सची फाइल शेअर करायची पद्धत) आणि फक्त पायच्या आयपीला. वायफायचा पासवर्ड बदलला, त्यामुळे घरातल्या सगळ्यांची बोलणी खाल्ली. उद्या चाकरमानी येतील गणपतीला, त्यांना गेस्ट नेटवर्क, आतलं काही दिसणार नाही, मग कुणाच्या मोबाइलमध्ये काय का असेना.

बेत असा होता की आता लॅपटॉपपर्यंत फायबर टाकायची, दोन मीडिया कन्व्हर्टर आणि वीस मीटरची पॅच कॉर्ड, काचेतून वीज जात नाही, विजेची भीती संपली. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की मुळात चालू रेकॉर्डिंग नेटवर्कवर जातंच कशाला? पूर्वी पायला फिरती डिस्क लावली तेव्हा ती जास्त करंट ओढून रिसेट व्हायची म्हणून मी लॅपटॉपकडे गेलो होतो. एसएसडी कमी खाते. १२० जीबीची एक पडलीय, ती पायला लावायची, रेकॉर्डिंग तिच्यावर, आणि पहाटे तीनला आरसिंक या कॉपीच्या टूलने लॅपटॉपवर हलवायचं, मग वायफाय कितीही रडो. फायबर दिवाळीनंतर. ज्यांनी टीव्हीहेडएंडच्या पोस्ट-प्रोसेसरमधून फाइल हलवलीय त्यांनी सांगा, हलवल्यावर डीव्हीआरच्या यादीत ती "फाइल मिसिंग" दिसते त्यावर सिमलिंक (जुन्या जागी नव्या जागेचा शॉर्टकट) ठेवता की दुसरं काही?

काकांसाठी खणातला पाय थ्री काढला, लिब्रेइलेक (कोडी हा मीडिया प्लेयर चालवणारी छोटी सिस्टिम) टाकलं. एसडीचं एमपेग-२ तो सॉफ्टवेअरवर आरामात डीकोड करतो, जुन्या पायसारखी लायसन्स की घेत बसायला नको. आणि सीईसीमुळे (एचडीएमआय केबलमधून रिमोटचे हुकूम पोचवणारी सोय) टीव्हीच्याच रिमोटने कोडी चालतं, काहीही सेटिंग न करता पहिल्या झटक्यात चाललं, एसएनआरनंतरचा हा माझा दुसरा आनंद. आता त्यांना आईची रेकॉर्डिंगही दिसतात. त्याविरुद्ध ते पैसे भरून घेतलेले डीटीएचचे रेकॉर्डिंगवाले बॉक्स बघा, रेकॉर्ड केलेलं त्याच डब्यात कुलूपबंद, डबा मेला की रेकॉर्डिंगही मेलं.

गेल्या नऊ रात्रींपैकी आठ रात्री डेटा एरर शून्य, एका रात्री धो धो पावसात सात. त्या सातांचं मला काही वाटत नाही.

जुना डबा मांगरात ठेवलाय, यूआर्टचे पिन (बोर्डाशी थेट बोलायची जागा) शोधून आतला फर्मवेअर काढून बघायचाय. काकांनी काल नवीन सेटअपवर दोन भजनं ऐकली, रिमोट खाली ठेवला आणि टीव्हीच्या मागे वाकून बघत म्हणाले, "सगळा बरा असा रे, पण माझो तो निळ्या लायटीचो डबो खय गेलो? रात्री उठलंय तर उजेड पडायचो."