गाठ फोडून पेशी मोजताना

कर्करोगाच्या गाठीत जन्मजात प्रतिकारशक्तीच्या कोणत्या पेशी किती आहेत, ते फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशी एकेक करून लेझरसमोरून नेणाऱ्या मशीनवर, मोजायचं, हे माझं काम. मोजायच्या आधी गाठ फोडून पेशी सुट्या कराव्या लागतात, आणि प्रत्येक प्रकारच्या पेशीवरची खूण ओळखून तिला चिकटणारी रंगीत अँटिबॉडी लावावी लागते. ऑपरेशन थिएटरमधून निघालेली गाठ आधी पॅथॉलॉजीकडे जाते. निदानापुरतं त्यांनी काढून घेतलं की उरलेला तुकडा, रुग्णाची संमती असेल तरच, बर्फात ठेवून आमच्याकडे येतो.

स्तनाची गाठ स्काल्पेलखाली चिवट लागते. बारीक चिरून, कोलॅजिनेज (तंतू तोडणारं एन्झाइम) आणि डीएनएज (डीएनए तोडणारं) घालून 37 अंशांवर हलवत ठेवायची. डीएनएज हवंच, नाहीतर मेलेल्या पेशींतून सुटलेला डीएनए शेंबडासारखा चिकट होतो आणि 70 मायक्रॉनच्या गाळणीतून काही उतरतच नाही. पण एन्झाइममध्ये जास्त वेळ ठेवलं तर पेशीवरच्या काही खुणाही कापल्या जातात, मग अँटिबॉडी चिकटणार कशाला? मेंदूतली ग्लायोब्लास्टोमा ही गाठ पटकन सुटते, पण मायलिनने, म्हणजे मज्जातंतूंवरच्या चरबीच्या आवरणाने, सगळं गढूळ करून टाकते. परकॉल नावाच्या दाट द्रावणात घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की मायलिनचा पांढरट थर वर येतो, तो ओढून टाकायचा.

खरा जीव खातात ते न्यूट्रोफिल, जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी. शरीराबाहेर काही तासांतच मरायला लागतात, आणि गोठवून ठेवले तर वितळल्यावर जवळपास उरतच नाहीत. म्हणून तुकडा दुपारी येवो की संध्याकाळी, स्टेनिंग, म्हणजे अँटिबॉडी लावणं, त्याच दिवशी. गोठवलेल्या सॅम्पलवरून कुणी ‘न्यूट्रोफिल नगण्य’ लिहिलं असेल, तर मी तो आकडा जपूनच वाचते.

मॅक्रोफेजची, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशींची, खोड वेगळी. ते रंग न लावताही चमकतात, शिवाय त्यांच्यावरच्या एफसी रिसेप्टरला अँटिबॉडी, खूण नसतानाही, शेपटाकडून उगाचच चिकटते. तुलनेसाठी बिनरंगाचा कंट्रोल आणि ते रिसेप्टर आधीच झाकणारा एफसी ब्लॉक नसेल तर मशीनवर बसण्यात अर्थ नाही.

ग्लायोब्लास्टोमात सीडी45चं गेट लावलं, म्हणजे पांढऱ्या पेशींवरची ती खूण असलेल्याच पेशी ग्राफवर निवडल्या, की मॅक्रोफेज आणि मायक्रोग्लियाचीच (मेंदूतल्या तशाच पेशींची) गर्दी दिसते. काही गाठींत एकूण पेशींचा तिसरा हिस्सा ते निम्म्यापर्यंत त्याच असतात. मूत्रपिंडाच्या गाठींत टी आणि एनके (नॅचरल किलर) या मारेकरी पेशी जास्त भेटल्या. गाठीशी लढणारे एम1 मॅक्रोफेज चांगले, तिला वाढू देणारे एम2 वाईट ही पुस्तकी वाटणी मात्र माझ्या ग्राफवर कधी नीट उतरली नाही. एम1ची खूण सीडी86 आणि एम2ची सीडी163, दोन्ही एकाच पेशीवर! तसंही स्तनाच्या कर्करोगात मॅक्रोफेज जास्त असणं बहुधा वाईट लक्षण ठरतं, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगात बऱ्याच अभ्यासांत उलट दिसलंय.

आणि पेशी नेमकी कुठे बसली होती, हे गाठ फोडल्यावर कळतच नाही. स्लाइडवर पाहिलं तेव्हा बऱ्याचशा एनके पेशी कर्कपेशींच्या पुंजक्यांबाहेर, तंतुमय भागातच अडकलेल्या होत्या. त्यामुळे आता फोडण्याआधीच तुकड्याचा एक काप स्लाइडसाठी फॉर्मॅलिनमध्ये टाकते. तेवढ्या पेशी मोजायला कमी पडतात, अशी सरांची कुरकुर असते. पडू देत.