दोन पट्ट्या

बावीस वर्षं मी कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात एका अडत दुकानावर दिवाणजी आहे. दुसऱ्यांच्या गुळाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, लिहिण्यात हात इतका बसलाय की झोपेतसुद्धा रवे म्हणजे गुळाच्या ढेपा, वजन, हमाली, तोलाई अशी बेरीज करीन. गेल्या डिसेंबरात मात्र पहिल्यांदाच स्वतःच्या घरच्या मालाची पट्टी लिहायची वेळ आली आणि पेन जरा अडखळलं.

झालं असं. आमची करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठापासून थोडी आत, दोन एकर जमीन. ती कसतो धाकटा भाऊ. ऊस दरवर्षी कारखान्याला जातो. यंदा त्याच्या डोक्यात आलं की निदान थोडा ऊस गुऱ्हाळाला घालायचा आणि गूळ करायचा तर रंग पिवळा करणारी हायड्रॉस पावडर न टाकता. "दादा, लोक शहरात बिनकेमिकल गूळ शोधत फिरतात आणि आपण ऊसवाले असून कारखान्याच्या गेटवर रांगेत उभे," असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, शहरातले लोक शोधत असतील, पण यार्डात सौद्याला ते येत नाहीत. त्यानं ऐकलं नाही.

आमच्या गावात माझ्या लहानपणी नऊ गुऱ्हाळं होती. आता एकच उरलंय, चुलत्यांचं. चार आधणं काढली, म्हणजे चार वेळा कढई भरून गूळ केला. मी दोन दिवस रजा टाकून गेलो होतो, कारण खरं सांगायचं तर रस आटवायच्या मोठ्या कढईपाशी, काहिलीवर, उभं राहायला मला अजून आवडतं. चुलवाणात जळव्या चिपाड सारत असतो, वर रस उकळून फुगत असतो, भेंडीचं पाणी घातलं की मळी तरंगून वर येते आणि ती झाऱ्यानं काढत राहायची. शेवटची दहा मिनिटं फक्त गुळव्याची, म्हणजे गूळ उतरवणाऱ्या कारागिराची. पाक दाट झाला की तो त्यातला थोडा थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतो आणि काहिलीच्या कडेवर मारतो. गोळी टणकन वाजली की उतरवायचं. थर्मामीटर नाही, काही नाही. आमचा गुळव्या साठीच्या पुढचा आहे, कानानं थोडा कमी ऐकतो, पण तो आवाज त्याला बरोबर येतो. त्याची दोन्ही पोरं एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत. हा आवाज ओळखायला कोणी शिकलेलं नाही.

पहिलं आधण थंड करायच्या वाफ्यात ओतलं तेव्हा गुळव्यानं सवयीनं पावडरच्या डब्याकडे हात नेला. भाऊ म्हणाला, "नको मामा." मामांनी माझ्याकडे बघितलं. यार्डातला माणूस म्हणून मी काहीतरी बोलीन असं त्यांना वाटलं असावं. मी गप्प बसलो.

चार आधणांचे 26 रवे झाले. तीस किलोचा एक, म्हणजे सात क्विंटल ऐंशी किलो. रंग तांबूस, आत फोडला तर मधासारखा. खाल्लात तर पुन्हा हात जाईल असा.

सौदा सकाळी असतो. रवे मांडलेले, खरेदीदारांची माणसं घोळक्यानं एका दुकानावरून दुसऱ्या दुकानावर सरकतात. कोपऱ्यातला तुकडा सुरीनं काढतात, उजेडाकडे धरतात, बोटात चुरतात. तोंडात टाकणारे फार थोडे. बावीस वर्षांत मी हे रोज बघतो, पण आपला माल पुढ्यात असल्यावर जाणवलं, गुळाच्या सौद्यात गूळ चाखतच नाहीत. आमच्या शेजारी ज्याचे रवे होते त्याचा माल हळदीसारखा पिवळाधमक. त्याचा दर क्विंटलला 4,400 निघाला. आमच्याकडे आल्यावर एका खरेदीदाराच्या माणसानं फोन कानाला लावला, पलीकडच्या शेठला रंग सांगितला आणि हसून म्हणाला, "दिवाणजी, तुमचाच काय? मग 3,750 घ्या." ओळखीचे पन्नास धरून.

आता त्यांच्या बाजूनंही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. कोल्हापूरच्या गुळाचं मोठं गिऱ्हाईक गुजरात आहे. हंगामात घेतलेला माल तिथं शीतगृहात जातो आणि वर्षभर लागेल तसा बाहेर निघतो. तिथल्या किराणा दुकानात गिऱ्हाईक पिवळा गूळ मागतो. हायड्रॉस पावडर टाकलेला गूळ उघड्यावर ठेवला तर काही आठवड्यांत काळवंडतो, पण थंडीत ठेवला तर रंग टिकतो. म्हणजे पावडर, शीतगृह आणि गिऱ्हाईकाची नजर असं हे तिघांचं जमलेलं आहे. अन्न सुरक्षेच्या नियमात गुळातल्या सल्फर डायऑक्साइडला 70 पीपीएमची मर्यादा आहे. पण सौद्यात मोजायला मीटर घेऊन कोणी उभा नसतो, रंग मात्र सगळ्यांना दिसतो.

रात्री भाऊ आणि मी हिशेब करत बसलो. तो इथं मांडतो, कारण गुऱ्हाळं का बंद पडली हे विचारणाऱ्याला मी दरवेळी हाच आकडा सांगतो.

2025-26 हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा सरकारनं ठरवलेला किमान दर, क्विंटलला 355 रुपये आहे, 10.25 टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून तेवढी टक्के साखर निघाली तर. त्यावर प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये वाढतात. आमच्या भागात उतारा चांगला पडतो. 12 धरला तर टनाला साधारण 4,155 होतात. त्यातून तोडणी-वाहतूक गेली, आमच्याकडे आठशेच्या आसपास, म्हणजे हातात 3,350. तो पैसा वेळेवर येतो का, एकरकमी येतो का, यावर आमच्याकडे दर ऑक्टोबर-नोव्हेंबरला जयसिंगपूरच्या ऊस परिषदेपासून रस्त्यावर अडवलेल्या ट्रॅक्टरपर्यंत जे आंदोलन होतं ते तुम्हाला माहीत आहे. कायद्यानं 14 दिवसांत यायला हवा.

गुळाचं असं. आमच्या टनाला यंदा 115 किलो गूळ पडला. तोडणी, वाहतूक, घडणावळ, भेंडी-चुना, हमाली धरून टनाला तेराशे गेले. पिवळ्या गुळाच्या दरानं हातात 3,760 राहिले असते. आमच्या तांबूस गुळाला राहिले 3,012.

बघा म्हणजे. पिवळा केला तर कारखान्यापेक्षा चारशे जास्त, न केला तर साडेतीनशे कमी. मधे काय आहे? मूठभर पावडर. भावानं कॅल्क्युलेटर दोनदा मारून बघितलं.

यात आणखी एक भानगड आहे, ती म्हणजे आमच्या गुळाचा भाव आता आमच्या यार्डात ठरत नाही. 1895 साली शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. त्या काळी कोल्हापूरची पेठ म्हणेल तो दर. आज गुऱ्हाळाला ऊस मिळणार की नाही हे कारखाना काय देतो त्यावर, आणि कारखाना काय देतो हे दिल्लीतल्या कागदावर. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 केली, तेव्हा एफआरपी 275 होती. एफआरपी 355 वर आली, पण 2025 संपेपर्यंत ते 31 तिथल्या तिथं. 7 डिसेंबर 2023 ला एका दिवसात आदेश आला की उसाच्या रसापासून इथेनॉल करायचं नाही. पुढं सवलती मिळाल्या, 2024 च्या ऑगस्टमध्ये बंदीच उठली, पण ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभी केली त्यांची त्या हंगामात झोप उडाली. हे सगळं साखरवाल्यांचं, गुळाला काय त्याचं, असं वाटेल. पण साखर स्वस्त झाली की ती गोणीनं काहिलीत जाते. गूळ महाग असताना साखर ओतून केलेला रवा दिसायला देखणा, दाणेदार असतो. सौद्यात त्याला दरही चांगला लागतो, हे लिहायला मला लाज वाटते पण खरं आहे.

कर्नाटकातून येणाऱ्या मालाबद्दल मी फार बोलत नाही, कारण त्यातला काही खरोखर चांगला असतो आणि तिकडचा शेतकरीही आपल्यासारखाच. राग येतो तो बॉक्सचा. 2014 ला कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, आम्ही पेढे वाटले. आता कुठल्याही गावचा गूळ "कोल्हापुरी" छापलेल्या खोक्यात भरला की झाला कोल्हापुरी. आणि आमचा खरा कोल्हापुरी रवा, नदीकाठच्या काळ्या मातीतला, त्याला 3,750.

मातीचं पण असतं बरं का. 2019 आणि 2021 च्या पुरात ज्या शेतांत पाणी दहा-बारा दिवस उभं राहिलं, तिथल्या उसाचा गूळ कितीही हायड्रॉस मारा, नीट होईना. रवा धरायचा नाही, चव खारट. त्या दोन वर्षांत मी ज्या पट्ट्या लिहिल्या त्या शेतकऱ्याच्या हातात देताना खाली बघायचो.

बायको म्हणाली, एवढा चांगला आहे तर एक-एक किलोची पाकिटं करून विका ना. भावालाही तेच पाहिजे होतं. मग मला पुन्हा यार्डातला माणूस व्हावं लागलं. जुलै 2022 पासून पंचवीस किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकीटबंद गुळावर पाच टक्के जीएसटी लागला, तीस किलोचा रवा त्यातून सुटला. पाकिटं करायची म्हणजे परवाना, लेबल, कर, कुरिअर, आणि पावसाळ्यात पाझरलेला गूळ परत आला तर तो कोणाच्या अंगावर. सात क्विंटलवर हे झेपत नाही. सत्तर क्विंटलवर झेपेलही, पण तेवढा ऊस आमच्या दोन एकरातला, कारखान्याचा शेअर सांभाळून, कुठून काढायचा? कारखान्याला ऊस नाही दिला तर पुढच्या वर्षी तोडणीची टोळी आपल्या फडात कधी येते ते बघाच. आत्ताच टोळीचा मुकादम फोन उचलताना हॅलोच्या आधी खुशालीचं, म्हणजे वरच्या पैशांचं, विचारतो.

तरी चार रवे मी बाजूला काढले होते, ते दुकानातल्या हमालांनी आणि ऑफिसच्या पोरांनी किलोला पंचावन्न रुपयांनी फोडून नेले. ते बावीस रव्यांच्या हिशेबात नाहीत.

पट्टी मी हातानं लिहिली. 22 रवे, सहा क्विंटल साठ किलो, दर 3,750. हमाली, तोलाई वजा. सही केली. संध्याकाळी घरी जाऊन भावाच्या हातात दिली. त्यानं वाचली, घडी घातली, पुन्हा उघडली.

"शेजारच्याचा किती निघाला म्हणालास?"

मी पेन काढलं आणि पट्टीच्या मागं लिहून दिलं. 4,400.

जानेवारीत अजून दोन आधणांचा ऊस उभा आहे. मामा त्याला विचारत होते म्हणे, डबा आणू का नको.