फुजी, १/३५० : मागचा बार्बेट बसला

फुजी या जुन्या जपानी युद्धनौकेचं मॉडेल करणं सुरू आहे, खऱ्याच्या ३५०व्या हिश्शाएवढं. मागच्या नोंदीत हलला, म्हणजे जहाजाच्या मुख्य धडाला, प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) दुसरा हात मारून झाला होता. त्यानंतरचा दीड महिना एकट्या मागच्या बार्बेटनं, म्हणजे तोफांच्या चिलखती बैठकीनं, खाल्ला. काल रात्री तो डेकवर बसला आणि फार बरं वाटलं.

फुजी म्हणजे जपानची पहिली आधुनिक बॅटलशिप. लंडनच्या थेम्स आयर्नवर्क्समध्ये बांधलेली, ३१ मार्च १८९६ ला पाण्यात उतरलेली. (याच कारखान्याचा फुटबॉल संघ पुढे वेस्ट हॅम युनायटेड झाला.) खरी लांबी १२५.६ मीटर, आपल्या स्केलला जेमतेम ३६ सेंटिमीटर. आराखडा ब्रिटिश रॉयल सॉव्हरिन वर्गावरून सुधारून घेतलेला आहे, पण एक गोष्ट जपा. रॉयल सॉव्हरिनची धुराडी शेजारी-शेजारी आहेत, फुजीची एकामागे एक. रॉयल सॉव्हरिनच्या फोटोवरून मी डेकला भोकं पाडली होती, ती सगळी पुट्टीनं बुजवली.

हे जहाज निवडलं ते त्याच्या पैशांच्या गोष्टीमुळे. चीनकडे जर्मनीत बांधलेल्या डिंगयुआन आणि झेनयुआन या युद्धनौका होत्या, जपानकडे त्या तोडीचं काहीच नव्हतं आणि संसद खर्च मंजूर करत नव्हती. शेवटी १८९३ मध्ये सम्राट मेइजींनी राजघराण्याच्या खर्चातून सहा वर्षं दरसाल ३ लाख येन द्यायचं ठरवलं, आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या पगाराचा दहावा हिस्सा आरमाराकडे वळला. एवढं करूनही चीनशी झालेलं युद्ध फुजी तयार होण्याआधीच संपलं. तिच्या वाट्याला आलं ते रशियाशी झालेलं. त्यात तिची जोडीदार याशिमा १५ मे १९०४ ला पोर्ट आर्थर या रशियन नाविक तळासमोर सुरुंगावर गेली. त्सुशिमाच्या समुद्री लढाईत या वर्गातली फुजी एकटीच होती.

माझं मॉडेल त्याच लढाईच्या दिवसाचं आहे, २७ मे १९०५ च्या सकाळचं.

बार्बेट म्हणजे डेकमध्ये पक्की बसवलेली चिलखती भिंत. तिच्यावर तोफांसकट फिरतो तो हूड. भिंतीचं चिलखत जिथे सर्वांत जाड, तिथे १४ इंच. स्केलला हे बरोबर १ मिलिमीटर येतं, म्हणून १ मिलिमीटरची स्टायरीन (प्लॅस्टिक) शीट घेतली. हूड ६ इंचांचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. दोन्ही तुकडे कापून बोटांत धरले. एक वाकता वाकेना, दुसरा नुसत्या दाबानं लवला. लढाईच्या त्या दुपारी काय झालं असेल, ते तेव्हा हाताला कळलं.

लढाईत एक रशियन गोळा मागच्या हूडमधून आत शिरला. तिथे उघड्यावर ठेवलेल्या तोफांच्या दारूनं पेट घेतला. ८ जण गेले, ९ जखमी झाले. त्याच स्फोटानं हायड्रॉलिकचा (दाबाखालच्या पाण्याचा) पाइपही तुटला, आणि त्यातून जोरानं उसळलेल्या पाण्यानं आग विझवली. ती आग खाली दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत पोचली असती तर फुजी तिथेच संपली असती. पुढे डावी तोफ पुन्हा सुरू झाली. संध्याकाळी फुजीचा १२ इंची गोळा बोरोदिनो या रशियन बॅटलशिपला लागला, तिचं कोठार उडालं आणि अख्ख्या जहाजातून एकच खलाशी वाचला.

म्हणून हूड मी चिकटवलेला नाही, उचलता येतो. आत तांब्याच्या बारीक तारेतून तो पाइप घातला आहे. तीन तारा वाया गेल्या, चौथी मनासारखी वळली. हूड ठेवला की ती दिसणार नाही, पण ती तिथे असायलाच हवी होती.

नंतरची फुजी मला तितकी ओढत नाही. किनारा-संरक्षण, प्रशिक्षण, नौदलांवर मर्यादा घालणाऱ्या वॉशिंग्टन करारानंतर १९२२ मध्ये तोफा उतरवल्या, मग योकोसुकाला नुसता सांगाडा आणि १९४८ मध्ये भंगार.

आता ६ इंची तोफा. दहापैकी चार केसमेटमध्ये (जहाजाच्या बाजूंमधल्या चिलखती खोल्यांत) जातील, सहा वरच्या डेकवर ढालींमागे. ढालींसाठी सर्वांत पातळ शीट काढून ठेवली आहे.