त्या रेतीत आहे काय

रात्रीचे अकरा वाजून गेले. हिनं दोनदा विचारलं, गुडघा दुखतो का. हो म्हटलं. आज गुडघा दुखत नाही.

संध्याकाळी वाळवंटात ड्यूटीवर असलेल्या धाकट्याचा फोन आला. पोळ्याला येणं जमत नाही म्हणे. बैल सजवायला आता घरी कोण आहे, ते जाऊ द्या. मी चिडलो नव्हतो, पण तोंडातून निघून गेलं, "त्या रेतीत आहे तरी काय रे?" तो गप्प झाला. अर्ध्या तासानं व्हिडिओ पाठवला. सोबत एक अक्षर नाही.

चौदा सेकंदांचा आहे. पिवळी रेती, कडेला त्याच्या बुटाचं टोक. मधोमध एक सरडा बसलेला, तो मला आधी दिसलाच नाही, इतका रेतीच्या रंगाचा. बोटभर, चपटा, तोंड बेडकासारखं आखूड. धाकटा हळूच म्हणतो, "बाबा, आता पाहा." सरड्याचं अंग हिव भरल्यासारखं थरथरतं. दोन्ही बाजूंची रेती ओघळून अंगावर येते. पोट बुडालं, पाठ बुडाली, डोळे तेवढे राहिले, मग तेही नाहीत. कोणीतरी हिंदीत हाक मारतं आणि व्हिडिओ संपतो.

दहा-बारा वेळा तरी पाहिला. सरड्यासाठी पाहिला की त्या "बाबा, आता पाहा"साठी, कोण जाणे. धानाच्या बांधीतला खेकडा दाखवायचा तेव्हा त्याचा आवाज असाच असायचा.

मग पुतणीला शोधून द्यायला लावलं. हा सरडा जैसलमेरकडचा, सीमेच्या पलीकडच्या वाळवंटातही आहे. 1971 ची लढाई झाली त्या लोंगेवालाचंच नाव त्याला मिळालं, 1978 मध्ये, आर. सी. शर्मा यांनी शास्त्रात नोंद केली तेव्हा. बुफोनिसेप्स लाउंगवालाएन्सिस. पहिल्या शब्दाचा अर्थ बेडूकडोक्या, आणि ते नाव जगात दुसऱ्या कोणत्या सरड्याला नाही. बाहेरून कानाची भोकंसुद्धा नाहीत त्याला. त्याला मोकळी, वाऱ्यानं सरकणारी, उघडी रेती लागते. रेती घट्ट बसली, तिच्यावर झाडझुडूप आलं, की त्याला बुडी मारायला जागाच उरत नाही.

इथंच मी अडकलो. कारण तिकडे कालवा आला आहे. पार पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापासून इंदिरा गांधी कालव्याचं पाणी जैसलमेर जिल्ह्यापर्यंत पोचलं. कालवा नि रस्ते रेतीत गडप होऊ नयेत म्हणून टेकड्यांवर झाडं लावून रेती बांधून टाकली. शेतं झाली. कोणी काय वाईट केलं? आमच्या पाटचारीत इतकी वर्षं नुसतं गवत उगवतं. रोवणी अडली की मी रोज आभाळाकडे पाहतो. पाणी नको असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? म्हणणार नाही. तिथल्या बायकांनी किती कोसांवरून पाणी वाहिलं असेल. तरी तो सरडा डोळ्यांपुढून हलत नाही.

आणि आमचं बरड, गावाचं मुरमाड माळरान. तीन वर्षांपूर्वी बरडावर झाडं लावायला खड्डे खणले तेव्हा सगळ्यांत पुढे मीच होतो. शाळेच्या पोरांना मीच सांगितलं, इथं मुरमाशिवाय काही नाही, आता हिरवं होईल. काही नाही कसं? उन्हाळ्यात दगडावर चढून गळ्याखालचा पांढुरका पंखा उघडमीट करणारे सरडे तिथंच होते. धाकटा त्यांच्यामागं दुपारभर अनवाणी फिरायचा. आता आहेत की गेले, सांगता येत नाही. मी पाहिलंच नाही.

भरतीला निघाला त्या दिवशी एसटीच्या खिडकीशी उभा राहून मी त्याला म्हटलं होतं, "जा बिनघोर. इथं काय ठेवलंय." त्याला धीर यावा म्हणून. त्यानं मागं वळून पाहिलं नाही, तेव्हा मला ते बरंच वाटलं होतं. आज त्याच तोंडानं विचारलं, त्या रेतीत काय आहे. त्याला आठवलं असेल का? हिला विचारावं वाटलं, पण ती आता झोपली आहे, आणि तिनं तेव्हाच म्हटलं होतं, असं बोलू नये माणसानं.

त्याचं बरं चाललं आहे, असं त्या आवाजावरून वाटतं. भर ड्यूटीत वाकून सरडा पाहतो आहे पोरगा. पोळ्याला नाही आला तर नाही आला. बैलांना मी आणि पुतण्या मिळून सजवू, शिंगं रंगवायला पुतणी आहे.

आत्ता त्याला लिहिलं, "रेतीखाली किती वेळ राहतो रे तो?" लगेच उत्तर आलं, म्हणजे तोही जागाच. "माहीत नाही बाबा. उद्या पाहून सांगतो."

खड्ड्यांच्या पलीकडं, नाल्याच्या अंगाला, बरडाचा एक तुकडा उघडा राहिला आहे. सकाळी ऊन निघालं तर तिकडून जाऊन येतो. फोन चार्जिंगला लावला आहे.