बिसबीचा मुक्काम

११ जानेवारी

गाडीला जोडलेली पाण्याची नळी आज आठवणीनं काढून आत घेतली. काल राहून गेली होती, सकाळी बघतो तर लाकडासारखी ताठ. वाळवंट म्हटलं की ऊनच डोळ्यांपुढे येतं, पण अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं हे बिसबी आहे पाच हजार फुटांच्या वर. सूर्य डोंगराआड गेला की पाच मिनिटांत शाल शोधावी लागते.

काल बेन्सनहून हायवे ८० नं आलो. टूम्बस्टोन मागे पडेपर्यंत दोन्ही बाजूंना खुरटं रान आणि ओकोटियोच्या काटेरी छड्या. मग म्यूल पर्वतांचा चढ लागला, झाडी वाढली, एक बोगदा आला. बोगद्यातून बाहेर पडलो तर समोर दरीच्या अंगाला घरांवर घरं, आणि घराघरांत जाणारे सिमेंटचे जिने. आमची आरव्ही, म्हणजे राहायची गाडी, उभी आहे ती जागा थेट खाणीच्या कडेला. कुंपणापलीकडे लव्हेंडर पिट, तांब्याची उघडी खाण, सुमारे ९०० फूट खोल. मला वाटलं नाव रंगावरून पडलं असणार, कारण मावळतीला पायऱ्यापायऱ्यांच्या त्या भिंती खरंच जांभळट दिसतात. पण ते हॅरिसन लव्हेंडर नावाच्या खाण अधिकाऱ्याचं नाव. १९७४ साली इथलं काम थांबलं. अख्खी वस्ती उठवून हा खड्डा खणला. मी आज संध्याकाळी बराच वेळ तिथं उभी होते. एवढं मोठं काही रिकामं असलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

१२ जानेवारी

पहाटे उठून व्हाइटवॉटर ड्रॉ नावाच्या पाणथळीवर गेलो. हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो क्रौंच इथं उतरतात. उजाडताना आधी आवाज आला, मग आभाळ हललं. हे दुर्बीण विसरले होते आणि त्यांना तिची आठवणही झाली नाही. दुपारी कपडे धुतले. बाकी दिवस आरामात गेला.

१३ जानेवारी

आज भोगी. बाजरीचं पीठ मिशिगनहून निघतानाच डब्यात भरलं होतं. वांगी, गाजर, मटार मिळाले, तीळ होतेच. भाकरी तव्यावर टाकली आणि गाडीभर धूर झाला, दार उघडलं तर थंडी आत. पण तीळ लावलेली गरम भाकरी आणि लोण्याचा गोळा, या थंडीत दुसरं काही नको वाटतं.

जेवून कॉपर क्वीन खाणीत गेलो. १९७५ साली भुयारी काम बंद झालं आणि पुढच्याच वर्षी गावानं ती लोकांना बघायला खुली केली. पिवळा कोट, हेल्मेट, कमरेला बॅटरी, आणि हातात एक पितळेचा बिल्ला. गोल, रुपयाएवढा, त्यावर आकडा खोदलेला. असंख्य हातांनी घासून कडा गुळगुळीत झालेल्या. कामगार खाली जाताना बिल्ला घ्यायचा आणि वर आला की परत करायचा. पाळी सुटल्यावर फळ्यावर एखादी खुंटी रिकामी राहिली, तर माणूस अजून डोंगरात आहे हे कळायचं.

छोट्या गाडीवर घोड्यावर बसतात तसं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. दीड हजार फूट आत जातो आपण. आत बारा महिने आठ अंश. आमचे वाटाडे जन्मभर खाणीत राबलेले, सगळ्या यंत्रांची नावं ओळखीच्या माणसांसारखी घेत होते. मेणबत्तीच्या उजेडात हातोडी-छिन्नीनं पाडलेली भोकं त्यांनी दाखवली. पुढे दाबाच्या हवेवर चालणारी ड्रिलं आली. काम झपाट्यानं व्हायला लागलं, पण ती कोरडी चालायची. दगडाचा बारीक भुगा थेट छातीत. कामगारांनी त्या यंत्राला नाव ठेवलं होतं 'विडोमेकर', म्हणजे बायकांना विधवा करणारं. पुढे ड्रिलमधून पाणी सोडायला लागले तेव्हा धूळ बसली. त्या भोकात मी बोट घालून बघितलं. आत थंडगार आणि ओलसर होतं.

बाहेर आल्यावर बिल्ला परत केला. ह्यांनी मात्र आपला जरा वेळ मुठीत धरून ठेवला होता. मी काही विचारलं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

आज बिसबीच्या वॉरन भागातलं बेसबॉल मैदान पाहिलं. १९०९ सालचं, अजून वापरात आहे. कुणालाही वाटेल, यात बघण्यासारखं काय. पण मला इथंच यायचं होतं.

१९१७च्या जूनअखेर इथल्या खाणकामगारांनी संप केला. मागण्या फार मोठ्या नव्हत्या. ड्रिलवर एकाऐवजी दोन माणसं द्या. पाळी चालू असताना सुरुंग लावू नका. तांब्याच्या भावाबरोबर मजुरी खालीवर करू नका, भुयारातल्या माणसाला दिवसाला ठरलेले सहा डॉलर द्या. महायुद्ध सुरू होतं, तांब्याला सोन्याचा भाव. १२ जुलैच्या पहाटे शेरीफ हॅरी व्हीलरनं दंडाला पांढरी फडकी बांधलेली सुमारे दोन हजार हत्यारबंद माणसं गावभर सोडली. दारं ठोठावून, अंथरुणातून उठवून संपकरी बाहेर काढले, आणि त्यांच्याबरोबर ज्यांचा संपाशी संबंध नव्हता असे कितीतरी. पायी हाकत आणलं ते याच मैदानात. कामावर परत येतो म्हण, तर सोडतो, असं सांगितलं. नाही म्हणणारे ११८६ जण गुरांच्या डब्यांत चढवले. तेवीस डबे, तळाला शेण, जुलैचं ऊन. सोळा तासांनी न्यू मेक्सिकोतल्या हर्मानास नावाच्या आडगावी त्यांना उतरवलं. खायला काही नाही. परत फिरलात तर मराल, असं बजावून. त्या दिवशी दोन जीवही गेले, जेम्स ब्रू नावाचा खाणकामगार आणि त्याला पकडायला गेलेला ऑर्सन मॅक्रे.

अध्यक्ष विल्सन यांच्या चौकशी आयोगानं हे बेकायदा ठरवलं. शिक्षा मात्र कुणालाही झाली नाही. १९२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हा केंद्राच्या अखत्यारीतला गुन्हाच नाही. हे वाचलं तेव्हा मला संताप आला होता, आज त्या गवतावर उभी राहिले तेव्हाही आला. शंभर वर्षं झाली म्हणून अन्याय जुना होतो, असं मला वाटत नाही.

हे पायऱ्यांवर बसून राहिले. मग म्हणाले, "अण्णा असेच बसायचे गं. ब्याऐंशीच्या संपानंतर. चाळीच्या जिन्यात, गिरणीकडे तोंड करून." अण्णा म्हणजे माझे सासरे, मुंबईत लालबागला कापडगिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर आली, आणि तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. अण्णांना कुणी गुरांच्या डब्यात घातलं नाही. त्यांना आत घेतलं नाही, एवढंच. त्यांचा गिरणीचा पास अजून दिरांकडच्या ट्रंकेत आहे, तेलकट कापडात गुंडाळलेला. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला तो दाखवला होता, सासूबाईंच्या दागिन्यांच्या आधी.

पर्समधून तिळाच्या वड्या काढल्या. एक ह्यांना दिली, एक मी घेतली. उरलेल्या मैदानाची देखभाल करणाऱ्या माणसाला दिल्या. त्यानं विचारलं हे काय, तर ह्यांनी सांगितलं, आमच्याकडे आज सण आहे. तो तिथंच उभा राहून खायला लागला.

परवा युमाला जायचं ठरलं होतं. रात्री नकाशा उघडला आणि बेत बदलला. डग्लसवरून पूर्वेला न्यू मेक्सिकोत शिरायचं, मग हायवे ९. हर्मानास त्याच रस्त्यावर लागतं, आणि पुढे कोलंबस. तिथं लष्करानं त्या माणसांना तंबूत ठेवलं होतं. मुक्कामाला जागाही आहे म्हणे. ह्यांनी तवा घासून ठेवलाय. नळी काढलीय का, ते मी बघून येते.